शंभरात दोन घरं: एका घटस्फोटाचा हिशोब

दोघं पहिल्यांदा आली तेव्हा भांडत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं बरंचसं त्यावरच अवलंबून आहे. तीन खुर्च्या होत्या. दोघं कडेच्या खुर्च्यांवर बसली आणि मधल्या खुर्चीवर दोघांच्या पिशव्या एकावर एक ठेवल्या. लग्नाला 13 वर्षं झालेली. मुलगी 11 वर्षांची, मुलगा 7 वर्षांचा, त्याला दमा. नवरा पूर्णवेळ नोकरीत, पगार चांगला वाढलेला. बायको मुलाच्या जन्मानंतर अर्धवेळ कामावर आली आणि तिथंच राहिली.

घटस्फोटाचा विचार दोघांच्याही मनात होता, बोलून दाखवला तिने. मारहाण नाही, व्यसन नाही, बाहेर कोणी नाही. "आम्ही घर चालवतो, नीट चालवतो. पण आमच्यात आता काही उरलेलं नाही," ती म्हणाली. त्याने नुसतं "खोटं नाही ते" म्हटलं.

समेट घडवणं हे माझं काम नाही आणि मोडून देणंही नाही. कायदा वकील बघतात, मनाचं समुपदेशक बघतात. मी पैशांचा आणि कामांचा हिशोब मांडून देते, म्हणजे निर्णय काहीही झाला तरी तो अंधारात होऊ नये. दोघांच्या परवानगीने हे प्रकरण लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि सगळे आकडे शंभराच्या प्रमाणात आणलेत. कायद्याच्या खोलात गेलेले नाही. तो जागोजागी बदलतो, हिशोब बदलत नाही.

दोन याद्या

पहिल्या बैठकीत मी एकच काम देते. एकमेकांना न दाखवता, घरात आपण काय काय करतो ते लिहून काढा. वीस मिनिटं. तिच्या यादीत 41 ओळी झाल्या, त्याच्या यादीत 23. या संख्येवरून काही ठरवायचं नसतं. तिने मुलांच्या अभ्यासाच्या चार वेगळ्या ओळी केल्या होत्या, त्याने "सगळी बिलं" एका ओळीत उरकली होती. मला शोधायची असतात ती कामं, जी कोणाच्याच यादीत नसतात आणि तरी रोज होतात.

"रात्री मुलाचा खोकला ऐकून कोण उठतं?" मी विचारलं.

दोघंही एकदम म्हणाली, "मी." मग एकमेकांकडे बघितलं. जरा खोदून विचारल्यावर कळलं, की मध्यरात्रीचा खोकला त्याला ऐकू येतो आणि पहाटेचा तिला. असं कधी ठरलं नव्हतं. सात वर्षांत आपोआप पाळ्या पडल्या होत्या, आणि आपली पाळी नसताना प्रत्येकाला गाढ झोप लागत होती.

गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1973 पासून लग्नाचा विचार नेमका याच बाजूने केला. त्याला 1992 साली नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी, रोजच्या माणसांच्या वागण्याला अर्थशास्त्र लावल्याबद्दल. त्याने संसाराचा कारखाना करून टाकला असं पुष्कळांना वाटतं, आणि त्याचं काही लिखाण वाचताना मलाही ते पटतं. पण यादीतल्या बऱ्याच ओळी त्याच्या मांडणीत चपखल बसतात. एक छप्पर, एक कपडे धुण्याचं यंत्र, एक इंटरनेट जोडणी दोघांना पुरते. कामं वाटून घेतली की दोघांनी सगळं थोडं थोडं करण्यापेक्षा जास्त निघतं. आणि एकाची नोकरी गेली तर दुसऱ्याच्या पगारावर घर तगतं, म्हणजे बिनहप्त्याचा विमाच.

हा विमा त्यांनी एकदा वापरलाही होता. लग्नाच्या चौथ्या वर्षी तो 8 महिने घरी होता आणि घर तिच्या पगारावर चाललं. हे ती विसरली होती. त्याने सांगितलं, आणि मग विचारलं, "हे कोणाच्या यादीत लिहायचं?" मी तिच्या यादीत लिहायला सांगितलं. ओळी झाल्या 42.

बेकरच्या मांडणीतलं एक दुखणं मात्र इथेच दिसतं. सात वर्षांपूर्वी या दोघांचे पगार जवळजवळ सारखे होते. बढतीसाठी त्याला महिन्यातले दोन आठवडे बाहेरगावी राहावं लागणार होतं. घरात तान्हं मूल, त्यात दम्याचं. म्हणून तिने कामाचे तास कमी केले. त्या वेळी तो निर्णय दोघांच्या फायद्याचाच होता. आज घरात येणाऱ्या 100 पैकी 70 त्याचे आहेत आणि 30 तिचे. एकत्र असेपर्यंत या 70 आणि 30 ला काही अर्थ नव्हता, सगळे पैसे एकाच खात्यात जात होते. वेगळं व्हायचं म्हटल्यावर लक्षात येतं, की गुंतवणूक दोघांची होती, पावती एकाच्याच नावावर फाटली आहे.

चौघांचं वर्गमूळ

घरांच्या राहणीमानाची तुलना करणारे अभ्यासक एक सोपी युक्ती वापरतात. घराचं उत्पन्न माणसांच्या संख्येने न भागता संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. ओईसीडी ही विकसित देशांची संघटनाही ती वापरते. मागचा विचार साधा आहे: चार माणसांना एकट्या माणसाच्या चौपट नाही, साधारण दुप्पट पुरतं.

यांचं घर चौघांचं. चारचं वर्गमूळ 2, म्हणून 100 भागिले 2, प्रत्येकाच्या वाट्याला 50 ची राहणी. आता घर फोडू. मुलं तिच्याकडे, तो एकटा, आणि कोणी कोणाला काही देत नाही असं धरलं तर त्याची राहणी 70 वर जाते. तिच्या घरात तिघं. तीनचं वर्गमूळ 1.73, म्हणून 30 भागिले 1.73, म्हणजे 17.3. हा आकडा कागदावर उतरला तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकून बसला. "असं मी कधीच होऊ देणार नाही," तो म्हणाला, आणि ते मनापासून होतं. पण खरी अडचण त्याच्या पुढच्या ओळीत होती. तो उदार झाला तरी ती सुटत नाही. दोन्ही घरांत 50 चीच राहणी ठेवायची तर त्याला 50 आणि तिघांना 86.6, एकूण 136.6 लागतील. आहेत 100. अगदी समसमान वाटणी केली, म्हणजे 36.6 त्याच्याकडे आणि 63.4 तिच्याकडे, तरी दोन्ही घरं 50 वरून 36.6 वर येतात. कोणाची चूक नसताना, कोणी लबाडी न करता, सगळ्यांची राहणी 27 टक्क्यांनी खाली.

एकत्र राहण्यामुळे जे फुकट मिळत होतं त्याचं बिल हे असं येतं. एरवी ते दिसत नाही, कारण फुकट मिळालेल्या गोष्टीची पावती कोणी ठेवत नाही.

त्याने एक चूक बरोबर पकडली. "या कागदावर मुलं माझ्याकडे कधी येतच नाहीत." खरं होतं. वर्गमुळाला शनिवार-रविवार कळत नाहीत. मुलं महिन्यातून सहा-सात रात्री जरी त्याच्याकडे असली तरी त्याला त्यांची खोली लागणार, पलंग लागणार, शाळेच्या जवळपास घर लागणार. म्हणून मग आम्ही सूत्र सोडलं आणि खरा मासिक खर्च मांडला. एका घराचा खर्च 84 होता, 16 शिल्लक पडत होते. दोन घरांचा खर्च 113 आला. त्यात सर्वांत मोठा फरक भाड्याचा: एका घराला 30 जात होते, दोन लहान घरांना 50. म्हणजे शिल्लक तर गेलीच, वर दरमहा 13 ची तूट.

लोक घटस्फोटाचा खर्च म्हणजे वकिलाची फी समजतात. यांचं परस्परसंमतीने होणार होतं, त्यामुळे दोन्ही बाजूंची फी मिळून दोन महिन्यांच्या उत्पन्नाच्या आतच बसत होती. ती एकदाच द्यायची. 29 चा फरक मात्र दर महिन्याला, वर्षानुवर्षं. अर्थात, भांडत राहिलं तर फीसुद्धा वर्षानुवर्षं द्यावी लागते, हेही मी पाहिलंय.

73 चा आकडा

दुसऱ्या बैठकीला ती एक कागद छापून घेऊन आली. घटस्फोटानंतर स्त्रियांचं राहणीमान 73 टक्क्यांनी कोसळतं आणि पुरुषांचं 42 टक्क्यांनी वाढतं, असं त्यावर होतं. रात्री झोप लागली नाही म्हणाली.

या आकड्याची कहाणी मला पाठ आहे, कारण दर थोड्या दिवसांनी तो कोणीतरी घेऊन येतं. लेनोर वाइट्झमन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1985 साली तो प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियात 1970 पासून कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला होता. त्याचा स्त्रियांवर काय परिणाम झाला हे त्या लॉस एंजेलिसमधल्या घटस्फोटितांच्या मुलाखतींवरून तपासत होत्या. आकडा इतका धक्कादायक होता की वर्तमानपत्रांपासून न्यायालयांच्या निकालांपर्यंत सगळीकडे पोचला. मग 1996 साली रिचर्ड पीटरसन या अभ्यासकाने त्यांचीच माहिती घेऊन पुन्हा गणित केलं. उत्तर आलं, स्त्रियांची घट 27 टक्के, पुरुषांची वाढ 10 टक्के. मूळ गणितातच चूक होती. दुरुस्ती काही पहिल्या आकड्याइतकी फिरली नाही. दुरुस्त्या कधीच फिरत नाहीत.

(आमच्या समान वाटणीतही 27 च आले होते. तो योगायोग आहे, दोन्ही 27 वेगळ्या गोष्टींचे आहेत. आणखी एक 73 आहे: होम्स आणि राही यांनी 1967 साली आयुष्यातल्या ताणांना गुण दिले, त्यात जोडीदाराच्या मृत्यूला 100 आणि घटस्फोटाला 73. लग्नाला 50! या दोन 73 ची लोक बेमालूम सरमिसळ करतात.)

तिला हायसं वाटलं, पण थोडंच. "म्हणजे मी खाली जाणार आणि तो वर, एवढं तर खरंच आहे ना?" दिशा खरीच होती. ती बदलायची तर कागदावरचा 30 बदलायला हवा होता.

त्याचा कागद

तोही काहीतरी वाचून आला होता: लग्न झालेली माणसं जास्त जगतात. हे निरीक्षण जुनं आहे. विल्यम फार या ब्रिटिश आकडेतज्ज्ञाने 1858 साली फ्रान्समधल्या मृत्यूंच्या नोंदी लावून दाखवलं होतं, की विवाहित माणसं अविवाहितांपेक्षा आणि विधवा-विधुरांपेक्षा कमी मरतात. त्यानंतर पुष्कळ देशांत तेच दिसलं.

पण यातून "टिकवलंत तर जगाल" असं निघत नाही. निरोगी, मिळवत्या, स्थिर स्वभावाच्या माणसांची लग्नं मुळात जास्त होतात आणि जास्त टिकतात. म्हणजे फायद्याचा काही भाग लग्न सोबत आणत नाही, माणूसच तो घेऊन मांडवात शिरतो. जर्मनीतल्या 24,000 हून अधिक माणसांची 15 वर्षं पाहणी करून रिचर्ड लूकस आणि सहकाऱ्यांनी 2003 साली दाखवलं, की लग्नाच्या सुमारास समाधान वाढतं आणि सरासरी माणूस नंतर आपल्या मूळ पातळीवर परततो. सरासरीच्या आड मात्र काही माणसं खूप वर गेलेली आणि तिथंच राहिलेली असतात, काही खूप खाली.

उरलेला भाग खरा आहे, आणि तो शरीरावर दिसतो. जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मी त्याला सांगितला. 42 जोडप्यांच्या हातांवर यंत्राने छोटे फोड उठवले आणि ते किती दिवसांत भरतात ते पाहिलं. एकदा जोडप्याला एकमेकांना आधार देणारं बोलायला सांगितलं, एकदा मतभेदाच्या विषयावर. वाद झाला त्या खेपेला जखमा उशिरा भरल्या. जी जोडपी एकमेकांशी फार कडवटपणे वागत होती त्यांच्या जखमा भरण्याचा वेग इतरांच्या 60 टक्केच होता. विवाह नोंदणीचा दाखला सगळ्यांकडे सारखाच होता.

"आम्ही कडवट नाही," तो म्हणाला. "मग आम्ही कुठे बसतो?"

हा प्रश्न मुलांच्या बाबतीत जास्त टोकदार होतो. पॉल अमाटो आणि सहकाऱ्यांनी 1995 साली दाखवलेली गोष्ट मी सहसा पहिल्या बैठकीत सांगत नाही. आईवडिलांची जोरदार भांडणं चालू असतात त्या घरातली मुलं, घटस्फोट झाला तर पुढे जास्त बरी राहतात. घरात शांतता असते तिथली मुलं घटस्फोटाने जास्त दुखावतात. पहिल्या घरातलं मूल सुटतं. दुसऱ्या घरातल्या मुलाला काहीच दिसत नसतं आणि एक दिवस पायाखालची जमीन सरकते. हे दोघं दुसऱ्या घरातले होते. सांगून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. तिने मधल्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. घरात मारहाण किंवा भीती असेल तर मी ही वही उघडतच नाही, थेट सुरक्षिततेचं बघणाऱ्यांकडे पाठवते. अमेरिकेतल्या ज्या राज्यांनी एकट्याच्या मागणीवर घटस्फोट द्यायला सुरुवात केली, तिथे घरातला हिंसाचार सुमारे 30 टक्क्यांनी आणि स्त्रियांच्या आत्महत्या पुढच्या काळात 8 ते 16 टक्क्यांनी घटल्या, असं बेट्सी स्टीव्हनसन आणि जस्टिन वोल्फर्स यांनी 2006 साली मांडलं. दार उघडं आहे एवढ्यानेच आत राहिलेल्यांचंही वागणं बदलतं. घटस्फोट महाग असतो म्हणून तो अवघड करावा असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा बघावेत.

काय ठरलं

पर्याय तीन होते: राहायचं, लगेच वेगळं व्हायचं, किंवा तयारी करून वेगळं व्हायचं. त्यांनी तिसरा घेतला. 14 महिने त्याच घरात. त्याने बाहेरगावचे दौरे सोडायचे, म्हणजे तिला पूर्णवेळ कामावर जाता येईल. दोन घरांचा सुरुवातीचा खर्च आत्ताच्या शिल्लकीतून बाजूला काढायचा. अर्ज त्यानंतर. अशा मुदतीत नाती नासतातही, हे मी बजावलं होतं.

यात माझी एक चूक झाली. दुसरं घर नक्की झाल्याशिवाय मुलांना सांगू नका, हा सल्ला माझा. तिसऱ्याच महिन्यात मुलीला बाबाच्या खणात हिशोबाचा कागद सापडला. अक्षर माझं. "घर 1" आणि "घर 2" असे दोन रकाने, खाली "मुलं" अशी ओळ, आणि त्यापुढे 2 आणि 0. ती कागद घेऊन आईकडे गेली आणि विचारलं, "दुसऱ्या घरात मुलं शून्य का?" दोघांनी त्याच रात्री मुलांना समोर बसवून सांगितलं. तेव्हापासून मी मुलांच्या रकान्यात शून्य लिहीत नाही, रात्रींची संख्या लिहिते. आणि सांगायला थांबा असंही आता म्हणत नाही.

अकराव्या महिन्यापर्यंत तिचे 30 चे 44 झाले. दौरे सोडल्यामुळे त्याचे 70 चे 66 झाले. एकूण 110, खर्च 113. उरलेले 3 सुट्टीतल्या प्रवासातून कापले. तो तिला दरमहा 22 देतो, म्हणजे 44 त्याच्याकडे आणि 66 तिघांच्या घराकडे. दर वर्षी आकडा पुन्हा बघायचा. त्या सात वर्षांत त्याच्या निवृत्तीच्या खात्यात जमलेली रक्कम अर्धी-अर्धी झाली. यावर तो आधी अडला होता. मी त्याला 42 वी ओळ दाखवली आणि गप्प बसले. या खात्याकडे बहुतेक जोडप्यांचं लक्षच जात नाही. भांडण होतं ते भिंतीवरच्या टीव्हीवरून.

या 14 महिन्यांत दोघं पुन्हा जवळ आली का, हे मला सगळे विचारतात. आठव्या महिन्यात त्यांनी एक बैठक रद्द केली तेव्हा मलाही तसं वाटलं होतं. नवव्या महिन्यात दोघं वेळेवर आली.

वेगळी झाल्यावर सहा महिन्यांनी शेवटची भेट झाली. आकडे थोडेफार हलले होते, पण मोडले नव्हते. मुलाचं औषध दोन्ही घरांत, इन्हेलर तीन: एकेका घरात एक आणि एक दप्तरात. मुलं बुधवारी आणि एकाआड एक शनिवार-रविवार त्याच्याकडे असतात.

"बुधवारी मला झोपच लागत नाही," तो म्हणाला. "पहाटेचा खोकला मला कधी ऐकूच आला नव्हता. आता चारचा गजर लावून उठतो."

"चारला नसतो तो," ती म्हणाली. "साडेचारनंतर."

त्याने खिशातून फोन काढला आणि गजर बदलला.